स्थान, श्रेणी आणि लिंग : ऑसेलॅरिस विदूषक माशाचे विवेचन

विवेचनास प्रारंभ करण्यापूर्वी चार संज्ञांचे अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. या माशाविषयी प्रचलित असलेले बहुतेक गैरसमज संज्ञांच्या सैल वापरातून उद्भवलेले आहेत.

१. विदूषक मासा. व्यापक अर्थाने ही संज्ञा पोमॅसेंट्रिडी कुलातील अँफिप्रिऑन प्रजातीच्या सुमारे तीस जातींना लागू होते. संकुचित अर्थाने ती त्यांपैकी एकाच जातीची, अँफिप्रिऑन ऑसेलॅरिसची, वाचक आहे. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे आणि पट्ट्यांना व पक्षांना (परांना) काळी किनार ही तिची सर्वपरिचित मुद्रा. प्रस्तुत लेखात 'ऑसेलॅरिस' म्हणजे ही जाती आणि 'विदूषक मासे' म्हणजे संपूर्ण प्रजाती, असा भेद पाळला आहे.

२. समुद्रपुष्प. नावात पुष्प असले तरी हा प्राणी आहे. प्रवाळ व जेलीफिश यांचा आप्त. खडकाला चिकटलेली बुडाची चकती, वरच्या टोकाला मुख आणि मुखाभोवती संस्पर्शकांची वलये, अशी त्याची रचना असते. संस्पर्शकांत दंशकोशिका असतात. प्रत्येक दंशकोशिकेत गुंडाळलेला पोकळ धागा असतो. उद्दीपन होताच तो उलगडतो, भक्ष्याच्या त्वचेत शिरतो आणि विष सोडतो. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला उरलेल्या डबक्यांत लहान समुद्रपुष्पे दिसतात व बोट लागताच मिटतात. जगात समुद्रपुष्पांच्या हजारावर जाती आहेत. विदूषक माशांना आश्रय देणाऱ्या जाती सुमारे दहाच. आश्रय देणाऱ्या समुद्रपुष्पास येथे 'यजमान' म्हटले आहे.

३. सहजीवन. दोन भिन्न जातींच्या प्राण्यांचे दीर्घकालीन निकट वास्तव्य एवढाच या संज्ञेचा अर्थ येथे घेतला आहे. त्यात लाभ दोघांचा, एकाचा, की एकाचा लाभ व दुसऱ्याची हानी, हे पुराव्याने ठरवायचे असते. संज्ञेत ते गृहीत धरता येत नाही.

४. पुंपूर्व उभयलिंगता. एकाच प्राण्याने आयुष्यात प्रथम नर म्हणून व नंतर मादी म्हणून कार्य करणे. हा क्रम उलट फिरत नाही.

प्रतिपाद्य असे : ऑसेलॅरिसचा आकार, समूहातील क्रम, लिंग आणि आयुर्मान या सर्व गोष्टी एका अत्यंत मर्यादित स्थानाच्या स्वामित्वाशी बांधलेल्या आहेत. ते स्थान म्हणजे यजमान. हे प्रतिपादन समुद्रातील निरीक्षणांनी सिद्ध करता येते आणि टाकीत पाळलेल्या माशाच्या वर्तनाने पडताळता येते, कारण टाकीत ते स्थान बहुधा नसते, मासा मात्र तोच असतो.

जातिनिश्चय

अँफिप्रिऑन या नावात 'दोन्ही बाजूंना' आणि 'करवत' अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द आहेत. कल्ल्यांच्या झाकणांच्या दातेरी कडांवरून हे नाव पडले. ऑसेलॅरिस म्हणजे लहान नेत्रचिन्हे असलेला. या जातीचे वर्णन क्यूव्हिएने १८३० मध्ये केले. तिची भगिनी जाती अँफिप्रिऑन पर्क्युला. तिचे वर्णन लासेपेदने १८०२ मध्ये केले होते. दोन्ही जाती दिसायला इतक्या सारख्या आहेत की दुकानांत एकीच्या नावाने दुसरी सर्रास विकली जाते.

भेद तीन आहेत. पहिला पृष्ठपक्षातील कठीण काट्यांचा : ऑसेलॅरिसमध्ये ते बहुधा ११, पर्क्युलामध्ये बहुधा १०. दुसरा किनारीचा : पर्क्युलाच्या पट्ट्यांची काळी किनार अनेकदा जाड व ठसठशीत असते, ऑसेलॅरिसची बारीक रेषेसारखी. हा भेद निर्णायक मानू नये, कारण रंग वयानुसार व स्थळानुसार बदलतो. ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या परिसरातील ऑसेलॅरिस तर नारिंगीऐवजी जवळजवळ काळे असतात. तिसरा भेद भूगोलाचा, आणि तोच सर्वांत विश्वसनीय. अंदमान-निकोबारपासून थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपीन्स, उत्तरेस जपानची र्यूक्यू बेटे आणि दक्षिणेस वायव्य ऑस्ट्रेलिया हा ऑसेलॅरिसचा प्रदेश. पर्क्युला पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे, व्हानुआटू आणि क्वीन्सलँडचा उत्तर भाग येथे आढळते. भारताच्या समुद्रसीमेत ऑसेलॅरिस नैसर्गिक अवस्थेत पाहायचा तर अंदमान-निकोबारलाच जावे लागते.

पुढे काही प्रमाणे पर्क्युलावरील अभ्यासांतून घेतली आहेत. दोन्ही जातींची जीवनरचना समान असल्याने तसे करणे योग्य आहे; तरी प्रत्येक ठिकाणी जातीचा उल्लेख केला आहे.

स्थान

माशाचे समुद्रपुष्पात राहणे पाश्चात्त्य विज्ञानाच्या नोंदीत आले ते १८६८ मध्ये. कथबर्ट कॉलिंगवुड या निसर्गशास्त्रज्ञाने बोर्निओजवळच्या समुद्रात एका प्रचंड समुद्रपुष्पात लहान मासे ये-जा करताना पाहून ते प्रसिद्ध केले. ऑसेलॅरिस नैसर्गिक अवस्थेत तीनच यजमान स्वीकारतो : हेटेरॅक्टिस मॅग्निफिका, स्टिकोडॅक्टिला जायगँटिया आणि स्टिकोडॅक्टिला मर्टेन्सी. क्लार्कची विदूषक मासोळी दहाही यजमानांत राहू शकते. तिच्या तुलनेत ऑसेलॅरिसची निवड फार संकुचित आहे. निवड जितकी संकुचित तितके स्थान दुर्मीळ, ही गोष्ट पुढील युक्तिवादासाठी लक्षात ठेवावी.

पहिला प्रश्न असा की इतर माशांना मारणारा दंश यास का होत नाही? या प्रश्नावर दीर्घकाळ दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते संरक्षण जन्मजात, म्हणजे माशाच्या श्लेष्म्याच्या रासायनिक रचनेतच असते. दुसऱ्याच्या मते ते अर्जित, म्हणजे यजमानाशी वारंवार झालेल्या स्पर्शातून मिळवलेले असते. पुरावा पाहता दोन्ही पक्ष अंशतः खरे ठरतात.

दंशकोशिका केवळ स्पर्शाने कार्यान्वित होत नाही. स्पर्शासोबत विशिष्ट रासायनिक संकेत मिळाल्यास ती अधिक तत्परतेने उलगडते. माशांच्या श्लेष्म्यातील सायलिक आम्ल हा असा एक संकेत. ऑसेलॅरिसच्या श्लेष्म्यात त्याचे प्रमाण अन्य माशांच्या मानाने फार कमी आढळले आहे. अलीकडील संशोधनाने त्यात महत्त्वाची भर घातली : डिंभावस्थेत (अंड्यातून निघाल्यानंतरच्या पहिल्या अवस्थेत) हे आम्ल माशात असते, आणि रूपांतरणाच्या काळात, म्हणजे यजमानाकडे जाण्याची वेळ येते त्याच सुमारास, ते घटते. कोवळे डिंभ यजमानाच्या स्पर्शाने मरतात. संरक्षण विशिष्ट वयात उत्पन्न होते, असा याचा अर्थ.

अर्जित अंश प्रत्यक्ष पाहता येतो. काही काळ यजमानापासून दूर ठेवलेला मासा पुन्हा त्याच्याजवळ सोडला असता थेट आत शिरत नाही. तो प्रथम संस्पर्शकांच्या कडेकडेने पोहतो. मग शेपटीची कड क्षणभर लावून झटक्याने दूर होतो. पुन्हा येतो, या वेळी पोटाकडचे पक्ष टेकवतो. संस्पर्शक त्याला चिकटला तर अंग हिसडून सोडवून घेतो आणि पुन्हा परततो. स्पर्श हळूहळू लांबत जातात, चिकटणे कमी होत जाते आणि शेवटी मासा संस्पर्शकांच्या दाटीत पूर्ण अंग लोटून देतो. कधी याला काही मिनिटे लागतात, कधी काही तास. या विधीचे रासायनिक स्वरूप काय, श्लेष्म्यात बदल होतो की यजमानाची प्रतिक्रिया मंदावते, हा वाद अजून चालू आहे. विधी मात्र ज्याने एकदा नीट पाहिला त्याला तो विसरता येणार नाही.

दुसरा प्रश्न लाभाचा. माशास मिळणारा लाभ उघड आहे : शिकाऱ्यांपासून आश्रय. यजमान काढून घेतला तर प्रवाळभित्तीवरील मोठे मासे विदूषक माशास खातात. यजमानास मिळणारे लाभ शोधायला अधिक काळ लागला; ते चार प्रकारचे आहेत. (अ) फुलपाखरू मासे समुद्रपुष्पांचे संस्पर्शक कुरतडतात. विदूषक मासा त्यांना हुसकावतो. (आ) माशाच्या उत्सर्गातील अमोनिया यजमानाच्या ऊतकांत राहणाऱ्या एककोशिक शैवलांस नत्राचा पुरवठा करतो आणि ही शैवले यजमानास अन्न देतात. (इ) रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते तेव्हा संस्पर्शकांत वळवळणारा मासा पाणी खेळते ठेवतो व यजमानास प्राणवायू अधिक मिळतो. (ई) या सर्वांचा परिणाम म्हणून, मासे असलेले यजमान मासे नसलेल्यांपेक्षा वेगाने वाढतात.

म्हणून हे सहजीवन उभयलाभाचे आहे. परंतु लाभ दोघांचा असला तरी अवलंबन समान नाही. यजमान माशाविना जगू शकतो. समुद्रातला मासा यजमानाविना जगू शकत नाही. माशाचे संपूर्ण समाजजीवन या विषमतेतून उत्पन्न झाले आहे.

श्रेणी

एका यजमानात बहुधा एकच समूह राहतो. त्यात सर्वांत मोठी मादी, तिच्याहून लहान प्रजननक्षम नर आणि त्यांच्याखाली शून्य ते चार अप्रजननक्षम मासे असतात. पर्क्युलाच्या अशा समूहांचा सर्वांत सूक्ष्म अभ्यास पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतील मदांगच्या खाडीत केला. त्यातील मुख्य निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. समूहातील माशांची लांबीनुसार रांग लावली असता लगतच्या दोघांत ठरावीक अंतर आढळते. खालचा मासा वरच्याच्या साधारण चार-पंचमांश लांबीचा असतो. हे अंतर योगायोगाचे नाही. खालचा मासा आपली वाढ रोखून ते राखतो. वरचा मासा नाहीसा झाला की खालच्याची वाढ सुरू होते आणि रिकाम्या झालेल्या क्रमाच्या मापापर्यंत जाऊन थांबते.

वाढ रोखण्याचे कारण दंडाच्या भयात आहे. आकाराचे अंतर कमी झाले की खालचा मासा वरच्याचा प्रतिस्पर्धी ठरतो आणि त्यास समूहातून हाकलले जाते. हाकलले जाणे म्हणजे मरणे, कारण यजमानाबाहेर सुरक्षित जागा नाही आणि इतर यजमान आधीच व्यापलेले असतात. अंतर राखण्यासाठी लागणारी माहिती माशांना अनेक वाटांनी मिळते. विदूषक मासे जबड्याचे दात आपटून टकटक असा ध्वनी काढतात. मोठ्या माशाचा ध्वनी खालच्या पट्टीतला असतो, म्हणून त्यातून आकार कळतो. कनिष्ठ मासा ज्येष्ठासमोर आला की अंग किंचित आडवे करून डोके थरथरवतो. ही शरणागतीची मुद्रा दिवसभरात पुनःपुन्हा घडते आणि बहुतेक कलह चाव्यापर्यंत जाण्यापूर्वीच मिटवते.

येथे दोन स्वाभाविक समजुती खोडून काढणे आवश्यक आहे.

पहिली समजूत अशी की हा समूह म्हणजे कुटुंब आणि लहान मासे ही त्या जोडप्याची पिल्ले. पर्क्युलाच्या आनुवंशिक तपासणीत समूहातील मासे परस्परांचे निकट नातलग नसल्याचे दिसून आले. त्याचे कारण जननप्रकरणात येईल : पिल्ले अंड्यांतून निघताच प्रवाहात जातात, आणि यजमानात येणारे लहान मासे अन्य जोडप्यांचे असतात.

दुसरी समजूत अशी की लहान मासे प्रजननक्षम जोडप्यास साहाय्य करतात. पक्ष्यांच्या व सस्तन प्राण्यांच्या काही जातींत तसे घडते. बस्टन यांनी हेही तपासले. अप्रजननक्षम मासे असण्याने वा नसण्याने जोडप्याच्या प्रजननात फरक पडत नाही. मग ते वर्षानुवर्षे संततीविना का थांबतात? वारसा मिळवण्यासाठी. रांगेत टिकून राहणारा मासा कधीतरी वरच्या क्रमावर पोहोचतो. ही रांग अल्पायुषी प्राण्यास परवडली नसती. पर्क्युलाच्या मादीचे आयुर्मान सुमारे ३० वर्षे असू शकते, असा अंदाज २००७ मध्ये मांडला गेला. एवढ्या लहान माशासाठी तो असाधारण आहे. आश्रय सुरक्षित म्हणून आयुष्य दीर्घ, आणि आयुष्य दीर्घ म्हणून प्रतीक्षा फलदायी. येथे प्रतिपाद्याचे दोन अंश, आकार आणि आयुर्मान, स्थानाशी जोडले जातात.

आकार स्थानाशी किती घट्ट बांधलेला आहे याचे आणखी एक प्रमाण पापुआ न्यू गिनीतील किंबे उपसागरातून मिळाले. २०२३ च्या सागरी उष्णतालाटेत तेथील पर्क्युलांची दर महिन्याला मापे घेतली गेली. बहुसंख्य मासे लांबीनेच आखूड झाले, आणि आखूड होणाऱ्यांची जगण्याची शक्यता अधिक ठरली. पृष्ठवंशी प्राण्याने प्रौढपणी लांबी कमी करणे ही मोठी गोष्ट आहे. जोडप्यातील दोघे एकाच वेळी आखूड झाले तर ते टिकण्याची शक्यता आणखी वाढते, असेही आढळले. श्रेणीतील अंतर संकटातही राखले जाते.

लिंग

मादी मेली की काय होते, याचे उत्तर हान्स व सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये दिले : नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा मासा नर होतो. 'फाइंडिंग निमो' या २००३ च्या चित्रपटात मातेच्या मृत्यूनंतर पिता पुत्राच्या शोधात निघतो. प्राणिशास्त्राच्या नियमाने त्या पित्याने मादी व्हायला हवे होते. कथेवर हा आक्षेप नाही. परंतु असंख्य वाचकांची या माशाशी ओळख त्याच कथेतून झालेली असल्याने भेद नोंदवणे कर्तव्य ठरते.

रूपांतर कसे घडते? तरुण माशाच्या जननग्रंथीत दोन्ही ऊतके, वृषणाचे आणि अंडाशयाचे, सुप्तावस्थेत असतात. नराच्या क्रमावर पोहोचताच वृषणऊतक कार्यक्षम होते. मादीच्या क्रमावर पोहोचल्यावर वृषणऊतक क्षीण होते, अंडाशय विकसित होतो आणि मागे फिरण्याचा मार्ग बंद होतो. ऑसेलॅरिसवरच २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने यातील क्रम उलगडला. दोन नरांना एकत्र ठेवले असता त्यांत वर्चस्व ठरते. वर्चस्वी माशाच्या मेंदूतील प्रजननाशी संबंधित भाग मादीच्या घडणीचा होऊ लागतो, आणि त्या वेळी त्याची जननग्रंथी अजून नराचीच असते. मेंदू आधी, ग्रंथी नंतर. सामाजिक स्थान प्रथम बदलते आणि शरीर त्याच्या मागोमाग जाते, हा या प्रयोगाचा अर्थ मला निर्णायक वाटतो.

नर आधी आणि मादी नंतर, असाच क्रम का? उलट क्रम अनेक प्रवाळमाशांत आढळतो. एक मोठा नर आणि अनेक माद्या असतील तेथे मोठे होऊन नर होणे लाभदायी असते. यजमानात मात्र जोडपे एकच मावते. अंड्यांची संख्या मादीच्या देहावर अवलंबून असते. एकाच मादीची अंडी फलित करण्यासाठी नर मोठा असण्याची आवश्यकता नसते. दोघांपैकी मोठा मासा मादी असणे दोघांच्याही हिताचे ठरते. शिवाय यजमान सोडून जोडीदाराच्या शोधात जाणे अशक्य असल्याने, लिंग जन्मतः निश्चित असते तर एका यजमानात दोन नर अडकून पडण्याची शक्यता राहिली असती. लिंग क्रमावरून ठरत असल्याने कोणतेही दोन मासे जोडपे होऊ शकतात.

जनन

यजमानाच्या बुडाजवळचा खडक जोडपे तोंडाने कुरतडून स्वच्छ करते. मादी त्यावर ओळीने अंडी चिकटवते व नर मागोमाग फलित करतो. एका वेळच्या अंड्यांची संख्या काहीशे ते हजारावर असते. अंडी लांबट, उभी आणि प्रथम नारिंगी असतात. पुढे काळपट होतात. शेवटच्या दिवसांत जवळून पाहिल्यास प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी ठिपके दिसतात; ते डिंभाचे डोळे. सुमारे २७ अंश तापमानास ही अवस्था सातव्या-आठव्या दिवशी येते. दरम्यान नर जवळजवळ अखंड अंड्यांपाशी असतो. छातीकडच्या पक्षांनी तो पाण्याचा झोत सोडतो, अंड्यांवरून तोंड फिरवतो आणि मेलेली वा बुरशी धरलेली अंडी वेचून काढतो.

अंडी उबतात ती सूर्यास्तानंतरच्या अंधारात. शिकारी कमी दिसतात तेवढ्या अवधीत डिंभ बाहेर निसटतात. ही अंधाराची अट किती कठोर आहे हे ऑसेलॅरिसवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. रात्री कृत्रिम प्रकाशात ठेवलेल्या घरट्यांत अंडी फलित झाली, भ्रूण वाढले, परंतु एकही अंडे उबले नाही. किनाऱ्यावरच्या दिव्यांचा समुद्रावर होणारा परिणाम मोजायचा तर या प्रयोगापासून प्रारंभ करावा.

डिंभ सुमारे दहा दिवस मोकळ्या समुद्रात राहतात. ते प्रवाहाबरोबर दूर वाहून जात असावेत असे पूर्वी मानले जाई. किंबे उपसागरातील एका लहान बेटाभोवती हे तपासले गेले. पर्क्युलाच्या माद्यांना बेरियमचे एक विशिष्ट समस्थानिक टोचण्यात आले. ते अंड्यांतून पिल्लांच्या कर्णाश्मांत (कानातील खड्यांत) उतरते व जन्मस्थानाची कायमची खूण बनते. नंतर त्या बेटावर स्थिरावलेल्या पिल्लांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या कर्णाश्मांत ती खूण सापडली. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या अभ्यासांत काही पिल्ले ३५ किलोमीटरपर्यंत दूर गेल्याचेही दिसले. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत : पिल्ले बहुधा जन्मबेटावर परततात, जन्मदात्यांच्या यजमानात मात्र नव्हे.

परतीची वाट गंधाची असावी. अंडे यजमानाच्या संस्पर्शकांखालीच वाढते आणि यजमानाचा गंध भ्रूणावर ठसतो, असे ऑसेलॅरिसवरील १९९६ च्या प्रयोगांतून सूचित झाले. यजमानाकडे जाण्याच्या सुमारास रूपांतरण होते आणि पांढरे पट्टे उमटतात : प्रथम डोक्यावरचा, मग मधला, शेवटी शेपटीकडचा. हे अवटु ग्रंथीच्या संप्रेरकांच्या नियंत्रणाखाली घडते, आणि पर्क्युलामध्ये त्याचा वेग यजमानाच्या जातीनुसार बदलतो. अंगावरचे पट्टेही स्थानाच्या प्रभावापासून सुटलेले नाहीत.

टाकी

आतापर्यंतचे प्रतिपादन पडताळण्याचे साधन म्हणजे टाकी. तेथे शिकारी नाही, अन्न दिले जाते, आणि बहुतेक वेळा यजमानही नसतो. ऑसेलॅरिस अशा टाकीत जगतो, एवढेच नव्हे तर प्रजननही करतो. यावरून कोणती वैशिष्ट्ये यजमानाच्या प्रत्यक्ष उपस्थितीवर अवलंबून आहेत आणि कोणती माशाच्या प्रकृतीतच रुजली आहेत, हे वेगळे करता येते.

यजमानाविना उरणारी वैशिष्ट्ये : आकाराची श्रेणी, शरणागतीची मुद्रा, लिंगबदल, नराचे अंडी राखणे आणि स्थानाचा आग्रह. शेवटचे सर्वांत बोलके आहे. यजमान नसला तर मासा पर्याय शोधतो : मऊ प्रवाळ, पाण्याच्या पंपामागची फट, टाकीचा एखादा कोपरा. तेथून तो हातभर अंतरापलीकडे क्वचितच जातो, रात्री तेथेच कुशीवर कलून झोपतो आणि साफसफाईसाठी आत घातलेल्या हातावर धावून येतो. एरवी बोटभर लांबीचा प्राणी हाताशी झुंजत नाही.

टाकीत विकृत रूप घेणारे वैशिष्ट्य एकच, आणि ते पाळणाऱ्याने नीट समजून घ्यावे. समुद्रात हाकलला गेलेला मासा निदान दृष्टीआड जातो. टाकीला 'बाहेर' नाही. जोडपे जमलेल्या टाकीत तिसरा मासा सोडला की त्याला हाकलण्याची क्रिया सुरू होते, पण ती पूर्ण होऊ शकत नाही. पाठलाग दिवसचे दिवस चालतो. तिसऱ्याचे पक्ष फाटतात, तो वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठाला लागून राहतो, खाणे सोडतो आणि मरतो. दुकानदार याला 'मासा रागीट निघाला' म्हणतात. मासा नियमानेच वागलेला असतो. म्हणून लहान वयाचे व असमान मापाचे दोन मासे एकत्र आणावेत. मोठा मादी होईल, लहान नर. पाण्याची क्षारता स्थिर, तापमान २५ ते २७ अंशांच्या आसपास, अमोनिया शून्य, एवढ्या अटी पाळल्यास जोडपे दोन दशके जगू शकते. नवा यजमान मात्र पहिल्याच दिवशी आणू नये. समुद्रपुष्पास प्रखर प्रकाश व दीर्घकाळ स्थिरावलेले पाणी लागते. नवशिक्याच्या टाकीत आधी मरते ते तेच.

मासा आला कोठून, हा प्रश्न याहून गंभीर आहे. त्याचे मूळ दोनपैकी एक असते : समुद्र किंवा उबवणी केंद्र. समुद्रातून पकडलेले मासे ब्रुकलिनेला या सूक्ष्मजीवाच्या रोगास वारंवार बळी पडतात. फिलिपीन्समधील सेबू येथे, जेथे पकड होते त्या प्रवाळभित्तींवर यजमान व मासे दोन्ही संख्येने व मापाने कमी आढळले. श्रेणीचा नियम येथे लावून पाहावा. सर्वांत मोठा मासा पकडला म्हणजे मादी गेली, आणि नर मादी होऊन नवा नर तयार होईपर्यंत त्या यजमानातील प्रजनन थांबले. यजमानच उपटून नेला तर पूर्ण रांगच संपली.

उबवणी केंद्रांमुळे ही पकड अनावश्यक झाली आहे. विदूषक माशांची व्यापारी पैदास अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झाली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तंत्र विकसित केले. नवी मुंबईतील ऐरोली येथे राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या साहाय्याने शोभिवंत सागरी माशांचे उबवणी केंद्र उभारले. कोकण किनाऱ्यावर ऑसेलॅरिस निसर्गतः नसला तरी मासेमारीस जोडउत्पन्न म्हणून त्याची पैदास तेथे शक्य आहे.

पैदाशीची पद्धत समुद्रातील क्रमाचेच अनुकरण करते. जोडप्यास खडकाऐवजी मातीची पालथी कुंडी किंवा फरशीचा तुकडा देतात. मादी त्यावर साधारण दर दोन आठवड्यांनी अंडी घालते. चंदेरी डोळे स्पष्ट झाले की अंड्यांसह कुंडी त्याच दिवशी काळ्या कडांच्या टाकीत हलवतात. नराच्या पक्षांचे काम हवेच्या बुडबुड्यांचा सौम्य झोत करतो. दिवा मालवून टाकी झाकतात, कारण प्रकाशात अंडी उबणार नाहीत. सकाळी पाण्यात डिंभ दिसतात; इतके पारदर्शक की आधी डोळेच नजरेस पडतात. त्यांना प्रथम रोटिफर, नंतर आर्टेमियाची नवजात पिल्ले खाऊ घालतात. रूपांतरणाच्या दिवसांत मृत्यू सर्वाधिक होतात. ते पार केलेल्या पिल्लांच्या डोक्यावर पहिला पांढरा पट्टा उमटलेला असतो.

या पिल्लांनी समुद्र पाहिलेला नसतो, समुद्रपुष्पही नाही. त्यांच्या मागच्या कित्येक पिढ्यांनीही नाही. असा मासा वाढवून यजमानाच्या टाकीत सोडला असता तो कधी काही तास, कधी काही आठवडे दूर राहतो. मग एखाद्या दिवशी तो संस्पर्शकांच्या कडेने पोहू लागतो आणि शेपटीची कड क्षणभर लावून झटक्याने मागे सरतो.